हॅमस्ट्रिंग दुखावलंय आणि कॅम्प दोन महिन्यांवर आलाय: सुट्टीत घरी आलेल्या फुटबॉलपटूने काय करावं

मे महिन्यात क्लबची सुट्टी लागते, खेळाडू परभणीला, लातूरला, संभाजीनगरला घरी येतो आणि गल्लीतली पोरं त्याला मैदानावर गाठतात. "दादा, एकच मॅच खेळ की, टीमला तेवढाच हुरूप!" नाही म्हणवत नाही. काळी जमीन तापून टणक झालेली, वॉर्मअप नावापुरता, पारा चाळिशीच्या वर. विंगवरून बॉलमागे पूर्ण जोरात पळताना मांडीच्या मागच्या स्नायूंत, म्हणजे हॅमस्ट्रिंगमध्ये, खटकन काहीतरी होतं आणि पाय जागीच धरतो.

२०२४ आणि २०२५ मध्ये हंगामाच्या सुरुवातीची ड्युरंड कप स्पर्धा जुलै-ऑगस्टमध्ये झाली. म्हणजे बहुतेक क्लबांचा कॅम्प जूनअखेर किंवा जुलैत लागणार. हातात सहा ते आठ आठवडे उरतात. क्लबचा फिजिओ फोनवर आहे, जवळ नाही. हा लेख त्या सहा-आठ आठवड्यांसाठी आहे.

युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या दुखापती युएफाच्या, म्हणजे युरोपीय फुटबॉल संघटनेच्या, अभ्यासात वर्षानुवर्षं नोंदवल्या जातात. तिथे २००१-०२ च्या हंगामात एकूण दुखापतींपैकी १२ टक्के हॅमस्ट्रिंगच्या होत्या, २०२१-२२ मध्ये ते प्रमाण २४ टक्क्यांवर गेलं. सगळ्या सोयी असलेल्या क्लबांची ही गत आहे. आणि हॅमस्ट्रिंग दुखावण्याचं सगळ्यात मोठं कारण कोणतं, तर ते आधी एकदा दुखावलेलं असणं. म्हणून दुखणं थांबलं की पळायला लागायचं, ही आपल्याकडची सवय सगळ्यात घातक आहे. दुखणं बऱ्याचदा दोन आठवड्यांत थांबतं. स्नायू तेवढ्यात भरून येत नाही.

आधी एवढं समजून घ्या

मांडीच्या मागे तीन स्नायू असतात: बायसेप्स फेमोरिस, सेमिटेंडिनोसस आणि सेमिमेम्ब्रेनोसस. ते बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जातात, म्हणजे खुब्याचा सांधा आणि गुडघा, दोन्ही ओलांडतात. जोरात पळताना पाय पुढे फेकला जातो आणि टाच जमिनीला लागण्याच्या जरा आधी नडगीला ब्रेक लावायचं काम हे स्नायू करतात. त्या क्षणी ते पूर्ण ताणलेले असतात आणि पूर्ण ताकदही लावत असतात. बहुतेक वेळा फाटतात ते तिथेच, आणि फुटबॉलमध्ये फाटतो तो बहुतेक वेळा बायसेप्स फेमोरिस.

पुढच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात. स्नायूला आधी ताकद, मग ताणलेल्या अवस्थेत ताकद, आणि शेवटी वेगात ताकद द्यायची. नुसता आराम यातलं काहीच देत नाही.

पायरी १: पहिले तीन दिवस

खेळ तिथेच थांबवा. "मोकळं होईल" म्हणून पाय ताणू नका, कुणाला ओढू देऊ नका. गरम तेलाची मालिश, शेक, मुरगळा काढून घेणं, हे सगळं पहिल्या दिवसांत नको. फाटलेल्या जागी रक्त साचलेलं असतं, चोळल्याने ते वाढतं. घरातली मोठी माणसं मायेने तेल घेऊन बसतात. त्यांना समजावून सांगा, पण पाय हातात देऊ नका.

गुडघ्याच्या वरून मांडीच्या वरपर्यंत क्रेप बँडेज बांधा, मुंग्या येतील इतकं आवळू नका. बर्फ रुमालात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. त्याने फक्त दुखणं कमी होतं, स्नायू काही त्याने लवकर जुळत नाही. त्यामुळे बर्फावर तासन्‌तास घालवू नका. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या पहिल्या काही दिवसांत शक्यतो टाळा. फार दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल.

आणि त्याच संध्याकाळी क्लबला कळवा. गावात मॅच खेळलो हे सांगायला लाज वाटते, करारात काय लिहिलंय याची धास्ती वाटते. पण कॅम्पच्या दुसऱ्या दिवशी पाय धरला की तेच सांगावं लागतं, आणि तोवर दोन महिने हातचे गेलेले असतात.

पायरी २: कुणाला, कधी दाखवायचं

दोन-तीन दिवसांत मांडीच्या मागे काळंनिळं दिसू लागलं आणि ते गुडघ्याकडे उतरत गेलं तर घाबरू नका, साचलेलं रक्त खाली सरकतं. पण खालीलपैकी काहीही असेल तर थांबू नका, आठवड्याच्या आत हाडांच्या किंवा क्रीडावैद्यक तज्ज्ञाला गाठा: "फट्" असा आवाज आला होता, बैठकीच्या हाडापाशी खोल दुखतं आणि बसवत नाही, चार दिवसांनंतरही लंगडत चालावं लागतं, पालथं झोपून गुडघा वाकवायला जोरच लागत नाही. स्नायूचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) हाडापासून पूर्ण सुटला असेल तर शस्त्रक्रिया लागू शकते, आणि ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झालेली बरी.

साध्या एक्स-रेत स्नायू दिसत नाही. खेळाडू सतरा-अठराच्या आतला असेल तर मात्र एक्स-रे काढाच, कारण त्या वयात हाडाचा तुकडाच निघून येऊ शकतो. एमआरआयची सोय संभाजीनगर, नांदेड, लातूरला आहे. तो साधारण दोन ते पाच दिवसांत काढावा. रिपोर्टच्या कागदावर भागत नाही, सीडी किंवा फाइल मागून घ्या आणि क्लबच्या डॉक्टरांना पाठवा. त्यांना एकच प्रश्न नक्की विचारा: इजा मांसात आहे की कंडऱ्यात? कंडऱ्यात असेल तर या लेखातला प्रत्येक टप्पा लांबतो, आणि वेळापत्रक तेच ठरवतील.

मांडीच्या दुखण्याबरोबर कंबरेतून कळ येत असेल, पायात मुंग्या येत असतील, तर मूळ पाठीत असू शकतं. तेही तपासून घ्या.

पायरी ३: रोज सकाळची तपासणी

एक दोनशे पानी वही घ्या. रोज उठल्यावर, अंघोळीआधी, तीन गोष्टी तपासून लिहायच्या.

पहिली, दाबून पाहणं. पालथं झोपा, घरातल्या कुणाला तरी बैठकीच्या हाडापासून खाली बोटाने हळूहळू दाबत जायला सांगा. कुठे दुखायला सुरुवात होते आणि कुठे थांबते, तिथे पेनने खुणा करा आणि टेपने अंतर मोजा. पहिल्या दिवशी दहा-बारा सेंटीमीटर असलेला पट्टा आक्रसत जाताना दिसतो, आणि एखाद्या सकाळी तो पुन्हा वाढलेला दिसला तर आदल्या दिवशी काय जास्त झालं ते वहीतच सापडतं. दुसरी, पालथ्या अवस्थेतच गुडघा थोडा वाकवून टाच घरच्याच्या हातावर दाबणं. दुखणं शून्य ते दहामध्ये किती, आणि चांगल्या पायाच्या मानाने जोर किती. तिसरी, उताणं झोपून मांडी सरळ उभी धरायची आणि गुडघा किती सरळ होतो ते दोन्ही पायांत पाहायचं. सगळं मिळून पाच मिनिटं लागतात.

पुढचा टप्पा कधी गाठायचा ते कॅलेंडर सांगणार नाही, ही वही सांगेल.

पायरी ४: हालचाल सुरू

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून अंथरूण सोडा. चालणं सरळ आणि न लंगडता होत असेल तर चाला. व्यायामात दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल. त्याच्या वर गेलं किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं दिसलं, तर एक पाऊल मागे.

उताणं झोपून गुडघे वाकवा, टाच जमिनीत रोवून वीस-तीस सेकंद दाब धरा. असं पाच वेळा. मग तेच गुडघा कमी वाकवून, मग जवळपास सरळ पायाने. दोन-तीन दिवसांनी कंबर उचलण्याचा ब्रिज: आधी दोन पायांवर, मग एका पायावर. एका पायावर दोन्ही बाजूंनी सारखे वीस झाले आणि दुखलं नाही की पुढे जा. जिममध्ये सायकल असेल तर रोज वीस मिनिटं, दम टिकून राहतो.

पायरी ५: ताणात ताकद

स्वीडनच्या कार्ल अॅस्कलिंग यांनी २०१३ मध्ये तिथल्या वरच्या दर्जाच्या ७५ फुटबॉलपटूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्नायू लांबवत ताकद देणारे व्यायाम केलेले खेळाडू सरासरी २८ दिवसांत पूर्ण सरावाला परतले, नेहमीचे व्यायाम केलेल्यांना सरासरी ५१ दिवस लागले. त्यातले तीन व्यायाम घरात करता येतात.

एक: उताणं झोपून दुखऱ्या पायाची मांडी दोन्ही हातांनी उभी धरा आणि गुडघा हळूहळू सरळ करा, दुखायच्या जरा आधी थांबा. बाराचे तीन संच, दिवसातून दोनदा.

दोन: दुखऱ्या पायावर उभं राहून, गुडघा किंचित वाकवून, कंबरेतून पुढे झुका. हात पुढे, दुसरा पाय मागे. सहाचे तीन संच, एक दिवसाआड.

तीन: याला आपल्या घरातली शहाबादी फरशी अगदी योग्य. खिडकीच्या गजाला किंवा पलंगाच्या कठड्याला धरून उभं राहा. दुखरा पाय पुढे, सगळा भार त्याच्या टाचेवर, गुडघा किंचित वाकलेला. दुसऱ्या पायात मोजा घाला आणि तो पाय मागे सरकवत न्या. पुढच्या मांडीच्या मागे ताण भरत जाईल, दुखायच्या आधी थांबा आणि हातांच्या जोरावर परत या, पायाच्या नाही. चारचे तीन संच, दर तिसऱ्या दिवशी. फरशी पुसलेली आणि कोरडी हवी. हा व्यायाम दिसायला सोपा आहे पण तिघांत सगळ्यात जड. घाईने केला तर मागे जाल.

याच सुमारास वजन उचलणंही सुरू करा. बारबेल धरून कंबरेतून वाकणं, पाठ सरळ. गावात जिम नसेल तर २५ किलोचं पोतं छातीशी धरा.

पायरी ६: पळणं

इथेच जास्तीत जास्त खेळाडू चुकतात, म्हणून इथे सावकाश जाऊ.

सुरुवात कधी? अर्धा तास भराभर चालून दुखत नाही, एका पायाचा ब्रिज सारखा होतो, दाबल्यावर दुखणारा पट्टा जवळजवळ गेलाय. मग दहा मिनिटं हलकं जॉगिंग. ते दोनदा निर्धोक झालं की आखलेल्या पट्टीवर पळणं.

मैदानावर चुन्याने साठ मीटरची पट्टी आखा, वीस-वीस मीटरवर खूण करा. पहिल्या वीसमध्ये वेग हळूहळू वाढवायचा, मधल्या वीसमध्ये तो धरायचा, शेवटच्या वीसमध्ये सोडायचा. झटक्यात सुटायचं नाही आणि झटक्यात थांबायचंही नाही.

टक्केवारी अंदाजाने ठरवू नका. क्लबकडे जीपीएस जॅकेटची नोंद असते, तुमचा सर्वोच्च वेग विचारून घ्या. समजा तो ताशी ३२ किलोमीटर आहे. म्हणजे मधले वीस मीटर तुम्ही सुमारे २.२५ सेकंदांत कापत होता. अर्धा वेग म्हणजे ४.५ सेकंद, ७० टक्के म्हणजे ३.२, ८० टक्के म्हणजे २.८ आणि ९० टक्के म्हणजे २.५. मित्राला मधल्या पट्ट्याच्या समोर बाजूला उभं करा, मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करायला सांगा आणि वेळ त्यावरून काढा. हाताने दाबलेलं स्टॉपवॉच एवढ्याशा अंतरावर फसवतं.

अर्ध्या वेगाने सहा फेऱ्या, मध्ये चालत परत. एक दिवसाआड. प्रत्येक वेग दोन दिवस निर्धोक झाला आणि दुसऱ्या सकाळची तपासणी स्वच्छ निघाली, तरच दहा टक्के वाढवा. ८० च्या पुढे मात्र पाच-पाच टक्केच. कारण ८० ते १०० टक्क्यांच्या दरम्यान हॅमस्ट्रिंगवरचा भार झपाट्याने वाढतो. ८० टक्क्यांवर काही होत नाही म्हणून थेट पूर्ण वेगाने पळणारे तिथेच पाय पुन्हा दुखावून बसतात. आणि ८० वरच थांबून कॅम्पला जाणारे तिथल्या पहिल्या स्प्रिंटला बसतात. पूर्ण वेग घरी, शांतपणे, मोजून गाठलेला असलाच पाहिजे.

संभाजीनगरला असाल तर गोगाबाबा टेकडीसारखा चढ सुरुवातीला कामाला येतो. चढावर पाऊल लहान पडतं, स्नायू पूर्ण ताणला जात नाही आणि दम मात्र भरपूर लागतो. उतारावर पळू नका, चालत या.

जमिनीचंही बघा. मेमध्ये काळ्या मातीला भेगा पडतात, पाय अडकला की संपलं. मिरगाचा पाऊस झाला की तीच माती बुटाला किलोकिलोने चिकटते. अशा दिवशी वेगाचं पळणं रद्द करा किंवा मुरमाच्या, गवताच्या मैदानावर जा. टणक जमिनीवर लांब स्टड नको, छोट्या रबरी स्टडचे टर्फ बूट घाला.

पायरी ७: नॉर्डिक

गुडघ्यांवर बसायचं, खाली उशी किंवा घडी घातलेली सतरंजी. भावाने किंवा बहिणीने दोन्ही घोटे घट्ट दाबून धरायचे. मग अंग गुडघ्यापासून डोक्यापर्यंत सरळ ठेवून पुढे पडत जायचं, आणि ते पडणं मांडीच्या मागच्या जोरावर शक्य तितकं लांबवायचं. शेवटी हातांवर झेलायचं आणि हातांनीच ढकलून परत यायचं. कंबर मागे गेली की व्यायाम वाया.

पळणं ७० टक्क्यांवर पोहोचलं की सुरू करा. पहिला आठवडा एकदाच, पाचचे दोन संच. दुसरा आठवडा दोनदा, सहाचे दोन संच. मग तीनदा, सहा ते आठचे तीन संच. सुरुवातीला दोन दिवस मांड्या ठणकतात, ते साहजिक आहे, पण म्हणूनच वेगाच्या पळण्याच्या आदल्या दिवशी नॉर्डिक नको.

पायरी ८: बॉल आणि वळणं

आधी बॉलशिवाय वळणं, मग ड्रिबलिंग, मग छोटे पास. लांब क्रॉस आणि पूर्ण ताकदीचे शॉट शेवटी, कारण लाथेत पाय पळण्यापेक्षाही वर जातो. फिफाचा '११ प्लस' वॉर्मअप सुमारे वीस मिनिटांचा आहे, त्यात नॉर्डिकही येतं. प्रत्येक सत्राआधी तोच करा.

ऊन, पाणी, जेवण

सराव सकाळी सहा ते आठ. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी, त्यात ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबू.

अंगात त्राण नाही म्हणून दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घेण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. व्यावसायिक खेळाडूला ते महागात पडू शकतं. बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त सलाईन वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, नियमांत कायमच निषिद्ध आहे. रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया किंवा तपासणीचा भाग असेल तरच सूट. तसंच १ जानेवारी २०२२ पासून स्टिरॉइडचं, म्हणजे ग्लुकोकॉर्टिकॉइडचं, कुठलंही इंजेक्शन स्पर्धाकाळात निषिद्ध आहे, आणि त्याचा अंश शरीरात बरेच दिवस राहू शकतो. सुई लागण्याआधी डॉक्टरांना "मी नाडाच्या (भारतातल्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या) चाचणीत येतो" हे स्पष्ट सांगा आणि क्लबच्या डॉक्टरांना फोन लावा. आयुर्वेदिक म्हणून मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांनाही हेच लागू.

जेवण कमी करू नका. पळणं बंद आहे म्हणून भाकरी अर्धी करणारे मी पाहिलेत, पण स्नायू बांधायला माल लागतोच. सत्तर किलोच्या खेळाडूला दिवसाला ११० ते १४० ग्रॅम प्रथिनं हवीत. चार अंडी, ५० ग्रॅम सोयाबीन वड्या, अर्धा लिटर दूध किंवा तेवढंच दही, मूठ-दीड मूठ शेंगदाणे, दोन वाट्या वरण किंवा मटकीची उसळ आणि चार ज्वारीच्या भाकरी मिळून ११० च्या आसपास जातं. मटण-चिकनचा दिवस असेल तर वर भर. महागड्या डब्यांची गरज नाही.

झोप आठ तास. लाइट गेली तर गच्चीवर झोपा, पण मोबाइल खाली ठेवून.

पायरी ९: तयार आहे हे कशावरून

दाबल्यावर कुठेच दुखत नाही. टाच दाबण्याचा जोर दोन्हीकडे सारखा. ९० टक्क्यांच्या वरचं पळणं किमान तीन वेगवेगळ्या दिवशी झालंय आणि ९५ च्या पुढचा वेळ मोबाइलवर नोंदलाय. हे सगळं जमलं की अॅस्कलिंग यांचीच शेवटची चाचणी: उताणं झोपा, गुडघा सरळ बांधून ठेवा, दुसरा पाय आणि कंबर जमिनीला दाबून धरायला सांगा आणि दुखरा पाय सरळ ठेवून जितक्या जोरात जमेल तितक्या झटक्यात वर फेका. तीनदा. दुखायला नको, आणि त्याहून महत्त्वाचं, मनात भीती यायला नको. कचरलात तर आणखी एक आठवडा वेगाचं पळणं, मग पुन्हा चाचणी. ही चाचणी सगळ्यात शेवटी करायची, कुतूहल म्हणून अधेमधे करून बघायची नाही.

१९९९ च्या एप्रिलमध्ये लीड्सविरुद्ध लिव्हरपूलच्या मायकेल ओवेनचं हॅमस्ट्रिंग फाटलं तेव्हा तो १९ वर्षांचा होता. दोन वर्षांनी त्याने सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बॅलन डी'ओर पुरस्कार जिंकला, तरी आपलं शरीर पूर्वीसारखं राहिलं नाही हे त्याने स्वतःच सांगितलंय. आर्सेनलच्या बुकायो साकाचं डिसेंबर २०२४ मध्ये फाटलं, शस्त्रक्रिया झाली, आणि १ एप्रिल २०२५ ला फुलहॅमविरुद्ध त्याने गोल केला. पण त्या दिवशी आर्सेनलने त्याला उतरवलं ते दुसऱ्या हाफमध्ये, बदली खेळाडू म्हणून. तुमच्याही पहिल्या सराव सामन्यात अर्धा तास पुरे, मग पंचेचाळीस मिनिटं, मग साठ. नव्वद मिनिटं त्यानंतर.

कॅम्पला जाताना वही आणि मोबाइलवरचे व्हिडिओ फिजिओच्या हातात द्या. पहिल्या दहा दिवसांत दोन वेळा सराव असेल तर वेगाचं काम त्यातल्या एकाच सत्रात ठेवायला सांगा. नॉर्डिक हंगामभर आठवड्यातून एकदा चालू ठेवा: सामन्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सामन्याच्या आदल्या दिवशी कधीच नाही. आणि पुढच्या मेमध्ये गल्लीतली पोरं आली की बूट चढवण्याआधी त्यांच्यासोबत वीस मिनिटांचा वॉर्मअप करा, ऊन उतरल्यावर, सगळ्यांना रांगेत घेऊन.